सगळ्यांची एकच चूक

फेरपरीक्षेला बसणाऱ्या मुलांची सराव चाचणी झाली आणि तीत सगळी मुलं नापास झाली. यात नवल काही नव्हतं. वार्षिक परीक्षेत गणितात गेली होती म्हणूनच ती या वर्गात आली होती. नवल होतं ते चुकांचं. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा दुसरा घात किती, या प्रश्नाला वर्गातल्या प्रत्येकाने दोनचा सहावा घात असं उत्तर लिहिलं होतं. घातांकांची बेरीज करायची तिथे सगळ्यांनी गुणाकार केला होता. पाचचा घातांक शून्य असेल तर उत्तर एक यायला हवं. प्रत्येकाचं शून्य आलं होतं. कंसात तीन क्ष आणि कंसाबाहेर वर्ग असेल, तर प्रत्येकाने क्षचा वर्ग केला होता आणि तीनला तसंच सोडून दिलं होतं. कुठे खाडाखोड नव्हती. एकालाही शंका आलेली दिसत नव्हती.

"नक्कल करायलाही अक्कल लागते, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. उत्तरपत्रिका त्यांनी टेबलावर पत्त्यांसारख्या पसरल्या होत्या. "एकाने खड्डा खणला आणि बाकीच्यांनी रांग लावून त्यात उड्या मारल्या."

बीजगणिताच्या बाई टेबलासमोर उभ्या होत्या. खुर्ची होती, पण बसायचं त्यांना सुचलं नाही. दाराशी खेळाचे सर उभे होते, गळ्यात शिट्टी अडकवून. बाईंनी काढून दिलेली उत्तरं समोर ठेवून त्यांनीच पेपर तपासले होते.

"मला आधी वाटलं, बाईंचीच उत्तरं चुकलीत," खेळाचे सर म्हणाले. "सगळा वर्ग एकीकडे आणि बाई एकट्या एकीकडे. मी म्हटलं बहुमताला मार्क द्यावेत की काय."

मुख्याध्यापक हसले नाहीत. "शुक्रवारी फेरपरीक्षेसाठी नावं पाठवायची आहेत. जे चाचणीतच कॉपी करतात त्यांची नावं मी पाठवणार नाही. वर्ष जाईल. जाऊ दे, तेवढीच अद्दल घडेल. तुमचं काय म्हणणं आहे?"

बाईंनी वरची उत्तरपत्रिका उचलली. मग दुसरी. तिसरी पाहण्याची गरज नव्हती. या चुका त्यांनी ओळखल्या. आपलं अक्षर माणूस ओळखतो तशा ओळखल्या, कारण त्या त्यांनी स्वतः तयार केल्या होत्या.

"वर्गात जाऊन बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

बाईंची आणि त्यांच्या ताईची एक पद्धत होती. दोघी एकाच घरात राहत. ताई कापडाच्या दुकानात गल्ल्यावर नोकरी करून निवृत्त झाली होती आणि बीजगणिताशी तिचा संबंध नव्हता. पण तिचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि बाईंचं, ताईच्याच शब्दांत, कोंबडी शाईत पाय बुडवून चालल्यासारखं. म्हणून सरावाचे कागद बाई कच्चे खरडत आणि ताई पक्के उतरवून देई. दर आठवड्याचा एक कागद वेगळा असे. त्यात गणितं सोडवूनच दिलेली असत, आणि प्रत्येकात एक चूक लपवलेली. मुलांनी चूक शोधायची. ती काही अशीतशी चूक नसे. वर्षानुवर्षं मुलं जिथे घसरतात तीच जागा बाई निवडत आणि इतक्या सफाईने लिहीत की वाचणाऱ्याची मान आपोआप डोलावी. त्या कागदाच्या माथ्यावर ताई मोठ्या अक्षरांत लिही, "चोर पकडा." खाली डोळ्यांवर फडकं बांधलेलं एक तोंड काढी.

"यातला चोर कोणता गं?" लिहिताना ती दर वेळी विचारी.

"शोध की."

"मला सगळेच चोर वाटतात."

माथ्यावरची ती ओळ बाईंनी कधीच लिहिली नाही. ते त्यांचं काम नव्हतंच. कच्च्या कागदावर ती नसे आणि पक्क्यावर असे.

ताईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा बाई बाहेरच्या बाकावर बसून कागद खरडत असत. हाताला सवय होती, हात चालत असे. एक दिवस खेळाचे सर तिथे आले. फेरपरीक्षेचा वर्ग तात्पुरता त्यांच्या गळ्यात पडला होता. "बाई, पोरांना द्यायला काहीतरी द्या," ते हळू आवाजात म्हणाले, "मला शिट्टी वाजवण्यापलीकडे काही येत नाही हो." बाईंनी मांडीवरची फाईल तशीच उचलून त्यांच्या हातात दिली. सरांनी शाळेत येऊन कागदाच्या प्रती काढल्या, वाटल्या आणि सांगितलं, बाईंनी स्वतः सोडवून दिलंय, डोळे झाकून पाठ करा. ही मुलं निरनिराळ्या तुकड्यांतून गोळा झालेली होती. बाईंकडे आधी कोणीच शिकलेलं नव्हतं आणि चोरांचा कागद कोणीच पाहिलेला नव्हता.

त्याच आठवड्यात ताई गेली.

बाई लवकरच कामावर परतल्या. मुख्याध्यापकांनी महिनाभर रजा घ्यायला सांगितलं होतं. बाई नको म्हणाल्या. त्यांना रडू येत नव्हतं, झोप लागत होती, जेवणही जात होतं. फक्त कशालाच चव नव्हती आणि कोणाचाही आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटे. शाळेत घंटा वाजली की पाय आपोआप वर्गाकडे वळत. घरी घंटा वाजत नसे. घरी त्या ज्या खोलीत जात तिथेच बसून राहत, उजेड गेला तरी. एका रविवारी तर पायात एकच चप्पल घालून त्या संध्याकाळपर्यंत बसल्या होत्या. शाळा सुटली तर आपलं काय होईल हे त्यांना त्या रविवारी कळलं होतं.

"राहा," मुख्याध्यापक तेव्हा म्हणाले होते. "पण बाई, स्पष्ट सांगतो. एक जरी गोष्ट इकडची तिकडे झाली, तर मी ऐकणार नाही. घरी पाठवीन."

वर्गात शिरल्यावर मुलं उभी राहिली आणि बसली.

"बाई, किती पडले?" पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं. कशावरही वाद घालतो म्हणून त्याला सगळे वकील म्हणत.

"कमी."

"कमी म्हणजे शून्याच्या वर की खाली?"

"तुझ्या बापाला विचार," मागून कोणीतरी म्हणालं, "तो सांगेल घरी." थोडं हसू झालं.

बाईंनी फळ्यावर पहिलं गणित लिहिलं. "याचं उत्तर दोनचा सहावा घात. हे कुठून आणलं?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. प्रश्न कळला नव्हता असं नाही. हा कसला प्रश्न, असं त्यांचं झालं होतं.

"तुमच्याकडून, बाई," वकील म्हणाला. "कागदावरनं. पाठ आहे आम्हाला. मला झोपेतून उठवून विचारा."

"माझ्या आईने रोज म्हणून घेतलंय," दुसरा एक म्हणाला. "एक आकडा चुकला की परत पहिल्यापासून. आता आईलाही येतं."

"तुझ्या आईला बसव मग परीक्षेला."

"कोणाला शंका आली नाही?" बाईंनी विचारलं.

खिडकीजवळची मुलगी खाली पाहत होती. ती बहुधा बोलतच नसे. तिने हात वर केला, मग अर्ध्यावर आणला.

"बोल."

"मी करून बघितलं होतं," ती म्हणाली. "दोनचा तिसरा घात म्हणजे आठ. दुसरा घात चार. आठ चोक बत्तीस. आणि दोनचा सहावा घात म्हणजे चौसष्ट. परत परत केलं. बत्तीसच येत होते."

"मग सहावा घात का लिहिलास?"

"कागदावर तसं होतं ना. तुमच्या अक्षरात." तिने हात खाली घेतला. "मला वाटलं, माझंच चुकतंय. माझं नेहमीच चुकतं."

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. इथे आपल्याला काहीतरी व्हायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. दाताचा डॉक्टर सुन्न केलेल्या हिरडीत सुई खुपसतो तेव्हा सुई गेल्याचं कळतं, तसं. दुखत नव्हतं.

"तुझं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "कागद चुकीचा होता. तो चुका शोधण्यासाठी दिलेला कागद होता. वर तसं लिहायचं राहिलं."

मग वकील म्हणाला, "म्हणजे आम्ही सगळं चुकीचंच पाठ केलं?"

"हो."

"आणि चांगलं पाठ केलं?"

"फार चांगलं."

"मग बाई, आता हे पाठ केलेलं ठेवू कुठे?"

या वेळी कोणी हसलं नाही, कारण त्याने विनोद केला नव्हता.

मधल्या सुट्टीत बाई शिक्षकांच्या खोलीत बसल्या. समोर चहा होता, त्यावर साय धरली. गोष्ट साधी होती. त्या गप्प राहिल्या असत्या तर मुलांच्या म्हणण्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. कागद कोणी तपासणार नव्हतं आणि खेळाच्या सरांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मुलं कॉपीत गेली असती, वर्ष गेलं असतं आणि बाई रोज घंटा झाली की वर्गावर गेल्या असत्या. सांगितलं तर मुलं बसतील आणि बाई घरी जातील. दोन्ही बाजू त्यांनी पाहिल्या. कुठलीच बाजू जड किंवा हलकी लागत नव्हती. वजनच लागत नव्हतं. तेव्हा बरोबर उत्तर कोणतं एवढाच प्रश्न उरला, आणि ते त्यांना येत होतं.

"मुलांनी कॉपी केलेली नाही," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या. "मी दिलेला कागद पाठ केला." आणि सगळं क्रमाने सांगितलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. "पण इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. शीर्षक कसं राहिलं?"

"शीर्षक ताई लिहायची."

खोलीत पंखा फिरत होता. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कळलं नसतं."

"हो."

"आणि सांगितल्यावर मला काय करावं लागणार, तेही तुम्हाला माहीत होतं."

"हो. पण परीक्षेपर्यंत राहू द्या. यांच्या डोक्यातलं काढायला वेळ लागेल. कोऱ्या पाटीवर लिहिणं सोपं असतं."

"बाई, चुकून झालं हे मला मान्य आहे. पुन्हा होणार नाही, असं सांगा. मी लगेच हो म्हणतो."

बाईंनी विचार केला. त्या रविवारची चप्पल त्यांना आठवली. सकाळी भाजीवाल्याला पैसे द्यायचे सोडून त्यांनी किल्ली दिली होती, तेही आठवलं.

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापकांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांनी नावांची यादी पुढे ओढली. "नावं पाठवतो मी. सगळ्यांची. तुम्ही उद्यापर्यंत वर्ग घ्या, मग महिना घरी. हे शिक्षा म्हणून नाही."

"कळलं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी नियम सांगितलाच नाही. नियमाच्या जागी मुलांच्या डोक्यात आधीच एक जण बसलेला होता. त्याला उठवल्याशिवाय दुसरा बसणार नव्हता. तीन मुलांना त्यांनी फळ्याच्या उजवीकडे उभं केलं, दोघांना डावीकडे, आणि प्रत्येकाच्या हातात दोन लिहिलेला कागद दिला.

"इकडे किती दोन?"

"तीन."

"तिकडे?"

"दोन."

"सगळे एकमेकांना गुणायचे. एकूण किती दोन उभे आहेत?"

"पाच." मग लगेच, तोंडातून निसटल्यासारखं, निम्मा वर्ग ओरडला, "सहा!"

"सहावा कुठेय? दाखवा."

मुलांनी खरोखरच शोधला. एकाने बाकाखालीही पाहिलं.

"सहावा रजेवर आहे," वकील म्हणाला.

असं दिवसभर चाललं. तीन क्षला कंसात कोंडून दोनदा लिहायला लावलं, तेव्हा तीनही दोनदा येतो हे दिसलं. खिडकीजवळची मुलगी इतरांच्या वह्या बघत फिरत होती. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या तासाला शून्य आणि वजा घातांक राहून गेले. घंटा झाली. बाईंनी फळा पुसला, कपाटाची किल्ली खेळाच्या सरांकडे दिली आणि त्या बाहेर पडल्या. मुलांना त्यांनी रजेचं सांगितलं नाही. सांगायचं कसं याचा विचार करायचा राहून गेला.

सोमवारी सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, पिशवी खांद्याला लावून त्या दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन बसल्या.

अकराच्या सुमाराला हे घर कसं असतं हे बाईंना माहीत नव्हतं. नोकरीतल्या माणसाला ते माहीत नसतंच. वरच्या मजल्यावर कोणीतरी जड वस्तू सरकवत होतं. पाण्याचा पंप सुरू झाला, बंद झाला. खिडकीतून आलेलं ऊन आधी जमिनीवर होतं, मग ताईच्या लिहायच्या टेबलावर चढलं आणि बरोबर मधोमध थांबलं. हे टेबल इथे अडगळीसारखं का ठेवलंस, म्हणून बाईंनी तिला कितीदा तरी टोकलं होतं. ताईने कधी कारण दिलं नव्हतं. ऊन टेबलावर होतं तोवर बाई बघत राहिल्या. मग ते सरकलं आणि त्या तिथेच बसून राहिल्या.

दुपारी फोन वाजला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

"बाई, मी बोलतोय," खेळाचे सर म्हणाले. मागे गलका होता. "वर्गातनंच बोलतोय. तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. पण परीक्षा परवावर आली आणि ही पोरं माझं डोकं खातायत. दोनच्या डोक्यावर वजा तीन आहे. मी म्हटलं, वजा आठ. सरळ हिशोब आहे. तर हा वकील म्हणतो, सिद्ध करा."

"वजा आठ नाही," बाई म्हणाल्या.

"बघा!" मागून वकिलाचा आवाज आला. "बाई, तुम्ही आजारी आहात का?"

"नाही."

"मग येत का नाही?"

"रजेवर आहे."

"सहाव्यासारखं?"

"फोन फळ्याजवळ ठेवा, सर," बाई म्हणाल्या. "आवाज मोठा करा. आणि खडू कोणाच्या तरी हातात द्या."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. बाकं सरकली.

"कोण आहे फळ्यावर?"

"मी," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"दोनचा तिसरा घात लिही. किती?"

"आठ."

"खाली दुसरा घात."

"चार."

"पहिला."

"दोन."

"एकेक पायरी उतरताना काय होतंय?"

फोनमधून खडूचा टकटक आवाज येत होता. "निम्मं होतंय," मुलगी म्हणाली.

"मग शून्याच्या पायरीवर?"

"दोनच्या निम्मे... एक." खडू थांबला. "म्हणून एक!"

"अरे हो की!" कोणीतरी ओरडलं. "म्हणून शून्य नाही!"

"आता वजा एक."

"अर्धा. मग पाव. मग..." ती थांबली. "एक अष्टमांश. वजा तीनला एक अष्टमांश."

"म्हणजे माझे वजा आठ कुठे गेले?" खेळाचे सर म्हणाले.

"मैदानावर, सर."

हसण्याचा मोठा आवाज फोनमध्ये फुटला. बाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि पुन्हा जवळ आणला.

"बाई," वकील म्हणाला, "असंच निम्मं निम्मं करत खाली गेलो, खूप खाली, तर शेवटी शून्य येईल ना?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही. लहान होत जातं. असतं."

तेवढ्यात वर्गाचं दार वाजलं. हसणं एकदम थांबलं आणि मुलं उभी राहिल्याचा आवाज आला.

"काय गोंधळ आहे?" हा मुख्याध्यापकांचा आवाज होता. "कोणाशी बोलताय?"

फोन टेबलावर उघडा पडला असणार आणि तो त्यांना दिसत असणार. बाईंना वाटलं, आता फोन बंद होईल. आणि आपल्याला तो बंद व्हायला नको आहे, हेही वाटलं. हे वाटणं त्यांच्या ध्यानात आलं, कारण बऱ्याच दिवसांत काही वाटलं नव्हतं.

"गणित चाललंय, सर," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापक फळ्याकडे बघत असावेत. आठ, चार, दोन, एक, अर्धा, पाव.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग दार लागल्याचा आवाज आला.

बाकांचा आवाज आला नाही, मुलं अजून उभीच असावीत. कोणाला आता काय करायचं ते कळत नव्हतं.

"बसा," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "पुढचं गणित घ्या. तीनच्या डोक्यावर वजा दोन. आणि वकील, या वेळी खडू तू घे."